कॉन्सुलर साहाय्य

परदेशात अडचणीत सापडलेल्या नागरिकाला त्याच्या देशाच्या वकिलातीकडून किंवा वाणिज्य दूतावासाकडून मिळणारी मदत. कॉन्सुलर संबंधांविषयीचा १९६३ चा व्हिएन्ना करार हा तिचा मुख्य आधार. तो १९६७ मध्ये अमलात आला आणि भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला.

प्रवाशाला कायदा लागू होतो तो यजमान देशाचा, आणि तो माहीत नसणे हा बचाव ठरत नाही. अनारशांना लावायची खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही तिथे परवानगीशिवाय नेता येत नाही. शिवाय मायदेशाचा कायदाही सुटत नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागू होते. मात्र भारतात खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

दूतावास कैद्याला भेटतो, घरच्यांना कळवतो, स्थानिक वकिलांची नावे देतो. पासपोर्ट हरवला तर मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. मृतदेह परत आणणे, गरजूंना प्राथमिक कायदेशीर मदत देणे यांसाठी भारताने २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू केला. कैद्याला सोडवून आणणे किंवा न्यायालयाचा निकाल फिरवणे दूतावासाच्या हाती नसते. नातेवाइकांचा अपेक्षाभंग बहुधा इथेच होतो.

कराराचे कलम ३६ सर्वांत महत्त्वाचे. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्काचा त्याचा हक्क पोलिसांनी विनाविलंब सांगायचा. दूतावासाला कळवायचे ते त्याने तशी मागणी केल्यावर. म्हणजे हक्क सांगितलाच नाही, तर मागणीही होत नाही. कलमाची खरी दुबळी बाजू हीच. अमेरिकेने असा हक्क डावलल्याचे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जर्मनीने २००१ मध्ये व मेक्सिकोने २००४ मध्ये सिद्ध केले. जर्मनीच्या खटल्यातील दोघा नागरिकांना त्याआधीच देहदंड दिला गेला होता.

भारताच्या दृष्टीने मोठा खटला कुलभूषण जाधव यांचा. नौदलातील या माजी अधिकाऱ्यांच्या अटकेची माहिती पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये सुमारे तीन आठवड्यांनी दिली आणि भेट नाकारली. २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. हेरगिरीच्या आरोपींना कलम ३६ लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी फेटाळला आणि शिक्षेच्या परिणामकारक फेरविचाराचा आदेश दिला. सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. सप्टेंबरमध्ये भारतीय अधिकाऱ्याला जाधव यांची भेट मिळाली.

हे साहाय्य नागरिकत्वाशी बांधलेले असते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हा मुद्दा पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांना विशेष लागू पडतो. त्यांना मिळू शकणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. असा गोवेकर तिसऱ्या देशात पकडला गेला, तर त्याने हाक मारायची ती पोर्तुगालच्या दूतावासाला.