गरम कांडी आणि घाईत ताणलेली तार

आज एका धातूची गोष्ट. दातांना तार लावली असेल, तर कदाचित हा धातू तुमच्या तोंडातच आहे. नाव नितिनॉल. यात निकेल आणि टायटॅनियमचे अणू जवळपास निम्मे-निम्मे असतात. नावाचं शेपूट मात्र अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीचं.

१९५९ मध्ये मेरीलँडमधल्या या लॅबमध्ये विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी मिश्रधातू शोधत होते. ओतून गार झालेली एक कांडी त्यांनी जमिनीवर टाकली. आवाज आला 'थप्प', शिसं पडल्यासारखा. मग अजून गरम असलेली टाकली, तर ती घंटेसारखी खणखणली! ब्यूलर गरम कांडी घेऊन थेट पाण्याकडे पळाले. गार केली, टाकली: थप्प. उकळत्या पाण्यात घालून टाकली: टण्ण!

लोक सहसा दुसराच किस्सा सांगतात. १९६१ च्या बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. एका साहेबांनी तिला पाइपचा लायटर लावला आणि पट्टी ताडकन सरळ झाली. भारी आहेच, पण मला कांडीचा किस्सा जास्त आवडतो. का, ते कळेलच.

पुढे संशोधकांना एक गोष्ट छळायला लागली. नेहमीच्या तापमानाला लवचीक राहणारी नितिनॉलची तार हळू ताणली, तर जोर एका पातळीला येऊन जवळजवळ तिथेच थांबतो. तीच तार तेवढीच, पण झटक्यात ताणली की जोर चढतच जातो. म्हणजे धातू काकवीसारखा वागतो का? हळू ढवळली तर ऐकते, घाई केली तर अडते?

१९९५ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या जॉन शॉ आणि स्टेलिओस किरियाकिडीस यांनी या तारा हवेत ताणल्या आणि पाण्यातही. पाण्यात वेगाचा फरक बराचसा गळून पडला! कारण असं, की ताणताना आतले अणू आपली मांडणी बदलतात आणि त्यात उष्णता बाहेर पडते. पाणी ती लगेच ओढून नेतं. हवेत, घाईत, तिला जायला वेळच मिळत नाही. तार तापते, आणि तापलेलं नितिनॉल मांडणी बदलायला जास्त जोर मागतं. ब्यूलरची गरम कांडी आठवली ना? तोच धातू, तोच हट्ट. सोडताना उलटं होतं, तार गार पडते.

हे नुसतं लॅबपुरतं नाही. २६ सप्टेंबर १९९७ ला इटलीत असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाचं छत भूकंपात कोसळलं. चार जण गेले. दुरुस्तीत छप्पर आणि त्रिकोणी दर्शनी भिंत जोडायला आकार आठवणाऱ्या मिश्रधातूची उपकरणं बसवली. आता विचार करा, भूकंप काही हळूहळू ओढत नाही. तो सेकंदाला एक-दोनदा हिसके देतो. अशा वेगात तार तापते, जोर वाढतो, आणि हादऱ्याची ऊर्जा पिण्याची तिची ताकद बरेचदा घटते. निवांत ताणून काढलेल्या आकड्यांवर भिंत सोपवली, तर हिशेब चुकणार. म्हणून अशी उपकरणं भूकंपाच्या वेगानेच तपासावी लागतात.

आणि हो, ब्रेसेसवाल्यांनो, तुमची तार नितिनॉलची असेल तर गरम चहाच्या घोटाला ती दात जरा जास्त ओढते, आइस्क्रीम खाताना जरा ढिली पडते. आज रात्री करून बघा, मला कळवा.