पिकलेले केस आणि वयाचा पुरावा : वरंध परिसराच्या संदर्भात

वय मोजण्याचे साधन आणि वय ओळखण्याची खूण या दोन भिन्न गोष्टी होत. इतिहासलेखनात त्यांची गल्लत वारंवार होताना दिसते. जन्मनोंद नसलेल्या समाजात पिकलेल्या केसांनी दीर्घकाळ दाखल्याचे काम केले. ही खूण कितपत विश्वासार्ह आहे, याचा विचार महाड-पोलादपूर तालुक्यांतील वरंध परिसराच्या आधारे येथे केला आहे.

वरंध घाट महाडला भोरशी जोडतो. घाटापलीकडील कारी गावच्या जेधे घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ चा की १६३० चा, या वादाला त्यामुळे नवे वळण मिळाले. तरीही १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक महाराष्ट्र शासनाने अधिकृतपणे स्वीकारला तो २००१ मध्ये. ज्यांचा राज्याभिषेक याच महाड तालुक्यातील रायगडावर झाला, त्या राजाच्या जन्मवर्षाची ही कथा. मग सामान्य कुणब्याच्या वयाची नोंद कोण ठेवणार? वरंधजवळची शिवथरघळ दासबोधाची जन्मभूमी मानली जाते. दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख आहे. त्यावरून इ. स. १६५९ हे वर्ष निघते आणि १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ तेव्हा एकावन्न वर्षांचे होते, असे निश्चित सांगता येते. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. फेब्रुवारी १६७० मधील कोंढाण्याच्या लढाईत तानाजी पडल्यावर लढलेले शेलारमामा ऐंशी वर्षांचे होते, असे लोकपरंपरा सांगते. या आकड्याकडे कसे पाहावे? शून्याने संपणारे वय अंदाजाने सांगण्याची रीत जनगणनेच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते येथील ऐंशी म्हणजे मोजलेले वय नसून पांढऱ्याशुभ्र मिशांचे शब्दचित्र आहे. त्यामुळे मामांचे शौर्य कमी होत नाही. परंतु त्या आकड्यावरून त्यांचे जन्मवर्ष काढणे मात्र धोक्याचे ठरेल.

याचे कारण केसांच्या स्वभावातच आहे. मराठीत केस ‘पिकतात’. या शब्दामागे जुनी वैद्यकीय कल्पना उभी आहे. सुश्रुतसंहितेत ‘पलित’ हा क्षुद्ररोगांत गणला असून क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेली शरीराची उष्णता आणि पित्त मस्तकात जाऊन केस पिकवतात, असे म्हटले आहे. म्हणजे वयाखेरीज अन्य कारणांनीही केस पांढरे होतात, हे आपल्या वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. बांधावरच्या ओलाव्यात उगवणारा माका तेलात घालण्याची घरोघरची रीतही याच परंपरेतली.

आधुनिक विज्ञान केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींकडे बोट दाखवते. त्यांना नव्या पेशी पुरवणाऱ्या मूलपेशी संपल्या वा निकामी झाल्या की पुढचा केस रंगाविना उगवतो. हे केव्हा घडावे, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१६ मध्ये आयआरएफ ४ या जनुकाचा पांढऱ्या केसांशी संबंध दाखवण्यात आला. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार व धूम्रपान यांचाही अकाली पिकण्याशी संबंध आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत विसाव्या, आशियाई लोकांत पंचविसाव्या, तर आफ्रिकी लोकांत तिसाव्या वर्षापूर्वी केस पिकले तर ते अकाली मानतात. तीव्र ताणाने चेतातंतू उत्तेजित होऊन मूलपेशी संपतात, हे २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. सुश्रुताच्या शोकाला यातून परस्पर प्रमाणपत्र मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. पन्नाशीत निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे असतात, हा रूढ ठोकताळाही २०१२ च्या एका जागतिक पाहणीत टिकला नाही. त्या वयोगटात निम्मे केस पांढरे असणारे केवळ ६ ते २३ टक्के आढळले.

हा प्रश्न केवळ भूतकाळापुरता नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वयाची पासष्ट वर्षे पूर्ण असावी लागतात. वयाच्या पुराव्यासाठी जन्मनोंद, शाळेचा दाखला, मतदारयादीतील वय किंवा शासकीय रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधी वाडीवस्तीवर जन्मलेल्या अनेकांची नोंदच नाही. जे शाळेत गेले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहिली. ज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्या वृद्धांच्या वाट्याला मतदारयादीतला अंदाज येतो किंवा डॉक्टरांचा. पंचविशीनंतर हाडांची वाढ पूर्ण झालेली असल्याने क्ष-किरण तपासणीतूनही ढोबळच वय कळते. मग नजर डोक्याकडे वळते. आयुष्यभर भातलावणी केलेल्या, पण आईकडून काळेभोर केस मिळालेल्या सत्तरीच्या बाईला त्या नजरेत पासष्ट वर्षे पूर्ण झालेली नसतात.