खेळांचे प्रकार आणि मोल चुकवण्याच्या तऱ्हा

व्हिडिओ गेम हे नाव एक असले, तरी त्याखाली नाना प्रकारचे खेळ नांदतात. कोडी, मोटारींच्या शर्यती, क्रिकेट-फुटबॉल, युद्ध, व्यूहरचना, एखादे पात्र होऊन कथेत वावरण्याचे खेळ, असे त्यांचे ढोबळ वर्गीकरण करता येईल. मात्र खेळाची घडण केवळ विषयावरून ठरत नाही. खेळणाऱ्याकडून पैसे कधी आणि कसे घ्यायचे, यावरूनही ती ठरत असते.

अटारी कंपनीचा 'पाँग' १९७२ मध्ये आला, तो नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावर. त्यापाठोपाठ जपानमध्ये १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' अवतरला. डाव लवकर संपला, तरच पुढचे नाणे पडणार. त्यामुळे हे खेळ छोटे आणि उत्तरोत्तर कठीण होत जाणारे असत. आपल्या शहरांतील व्हिडिओ पार्लरचे गणितही हेच होते.

अटारीचे घरगुती उपकरण १९७७ मध्ये बाजारात आले आणि एकदाच पैसे देऊन खेळाची कॅसेट विकत घेण्याची पद्धत रुळली. आता डाव लवकर संपवण्यात निर्मात्याचा लाभ उरला नाही. निंटेंडोच्या 'झेल्डा'सारखे (१९८६) दिवसेंदिवस चालणारे, अर्धवट ठेवून पुन्हा तेथूनच सुरू करता येणारे खेळ त्यातून फुलले. १९९३ मध्ये 'डूम'ने पहिला भाग विनामूल्य वाटला. पुढील भागांसाठी मात्र पैसे मोजावे लागत.

इंटरनेटमुळे वर्गणीची वाट खुली झाली. 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) यांनी दरमहा शुल्क आकारले. साहजिकच, कधीही न संपणारे जग उभारणे हे त्यांचे उद्दिष्ट ठरले. त्या काळात आपल्याकडे सायबर कॅफेमध्ये तासाच्या हिशेबाने पैसे देऊन मुले 'काउंटर-स्ट्राइक' खेळत.

मोबाइलने हे चित्र पालटले. २००९ पासून आयफोनवरील विनामूल्य खेळांतही आतल्या आत खरेदी करण्याची सोय झाली. 'कँडी क्रश'मध्ये (२०१२) पाच 'जीव' संपले की खेळ थांबतो. नवा जीव मिळण्यासाठी अर्धा तास वाट पाहावी लागते, किंवा पैसे द्यावे लागतात. नाण्याचे यंत्र जणू खिशात आले! 'फोर्टनाइट' (२०१७) पोशाख आणि हंगामी पास विकतो. या खेळाच्या निर्मात्या कंपनीने, ग्राहकांना नकळत खरेदी करायला लावल्याच्या आरोपावरून, २०२२ मध्ये अमेरिकेत परताव्यापोटी साडेचोवीस कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

याहून वादग्रस्त प्रकार 'लूट बॉक्स'चा. यात बंद पेटी विकत घ्यायची. आत काय निघेल, हे नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवले.

भारताने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसाठी स्वतंत्र कायदा संमत केला. त्यात ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असा भेद केलेला आहे. वर्गणी अथवा प्रवेशशुल्क घेऊन सामाजिक खेळ चालवता येतो. मात्र जिंकण्याच्या आशेने पैसे लावायला सांगणारा खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध ठरवण्यात आला आहे.

कायदा पैजेला आळा घालू शकेल. पोशाख, जीव आणि पास यांवर होणाऱ्या किरकोळ खर्चाचा हिशेब घरानेच ठेवायला हवा. कॅसेटची किंमत दुकानातच कळत असे. 'विनामूल्य' खेळाची किंमत महिनाअखेरीस कळते. म्हणून मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी खेळाच्या पानावर 'इन-अ‍ॅप पर्चेस' ही सूचना आहे का, ते पाहावे आणि प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड सक्तीचा करावा. खेळ कोणता, हे आपण मुलांना विचारतोच; तो पैसे कसे मिळवतो, हेही विचारले पाहिजे.