दिशा न बदलणारा दिवा

भर समुद्रात, रात्रीच्या वेळी, समोर एक दिवा दिसू लागला. ते जहाज आपल्यावर येऊन आदळेल की बाजूने निघून जाईल, हे नाविकाने कसे ठरवावे? आपण एका रस्त्याने चौकाकडे चाललो आहो आणि दुसऱ्या रस्त्याने एक गाडी येत आहे, अशी कल्पना करू. आपला व तिचा वेग कायम असून ती सतत एकाच दिशेला दिसत राहिली, तर दोघे एकाच क्षणी चौकात पोहोचणार, हे उघड आहे. समुद्रावरची कसोटीही हीच. जवळ येणाऱ्या जहाजाची दिशा होकायंत्रावर पुनःपुन्हा पाहावी. ती फारशी बदलत नसेल तर टकरीचा धोका आहे असे समजावे. १८८९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नियमांत ही कसोटी नमूद झाली.

पुढे रडार आले. धुक्यापलीकडचे जहाज पडद्यावर दिसू लागले, तेव्हा आता टकरी इतिहासजमा होणार, असे पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री हा भ्रम फिटला.

'आन्द्रेआ दोरिया' ही इटालियन आगबोट न्यूयॉर्ककडे येत होती आणि 'स्टॉकहोम' ही स्वीडिश बोट तेथून निघाली होती. नँटकेट बेटाच्या दक्षिणेस 'दोरिया' दाट धुक्यात होती, तरी तिचा वेग जवळजवळ २२ नॉट होता; 'स्टॉकहोम'चा १८. दोघींनीही एकमेकींना रडारवर मैलोगणती दूर असतानाच पाहिले होते. पण 'दोरिया'वर समजूत झाली की समोरची बोट उजवीकडून जाईल, आणि 'स्टॉकहोम'वर वाटले की ती डावीकडून जाईल. 'दोरिया'वर रडारच्या नोंदी कागदावर मांडून मार्ग आखला गेला नाही. अंतर वाढावे म्हणून ती किंचित डावीकडे वळली. 'स्टॉकहोम' उजवीकडे वळली. अंतर वाढविण्याच्या प्रयत्नात दोघी एकमेकींच्या वाटेत आल्या. रात्री ११ च्या सुमारास 'स्टॉकहोम'ची नाळ 'दोरिया'च्या उजव्या कुशीत घुसली. ५१ माणसे मृत्युमुखी पडली. मदतीस धावून आलेल्या जहाजांमुळे सुमारे १६०० जणांचे प्राण वाचले. 'दोरिया' मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली. दोष कोणाचा, याचा न्यायालयात निवाडा झालाच नाही; दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली.

या घटनेपासून आम्ही काय घ्यावे? डोळे मिटलेले नव्हते. पाहिलेले पुरते तपासले गेले नाही. १९७२ साली ठरलेल्या व १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा धडा स्पष्ट उतरला आहे: अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवर, अनुमान बांधू नये, आणि शंका असेल तर धोका आहे असेच धरून चालावे.

हे प्रकरण दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे आदळली, आणि सांडलेले तेल आपल्याच किनाऱ्याला लागले. यंत्रे सुधारत जातील. पण पडद्यावरचा ठिपका पुन्हा एकदा पाहावा, ही सवय माणसालाच लावून घ्यावी लागते.