रिकाम्या आसनांचा पुरावा : अ‍ॅथलेटिक्स बेसबॉल संघ आणि त्याचे चाहते

व्यावसायिक क्रीडासंघ कोणाचा, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे आहे. ज्याच्या नावे मालकी, त्याचा. मात्र त्या संघाचे नाव एखाद्या शहराशी जोडले गेले, त्या शहरातील तीन पिढ्या त्याच मैदानावर जाऊन बसल्या आणि मैदानाच्या उभारणीत सार्वजनिक पैसाही खर्ची पडला, की हे उत्तर अपुरे वाटू लागते. अमेरिकेतील अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा इतिहास या दृष्टीने लक्षणीय आहे. १९०१ ते २०२५ या काळात हा संघ फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी आणि ओकलंड या तीन शहरांतून उठून गेला. प्रत्येक वेळी मालकपक्षाने जवळपास एकच पुरावा पुढे केला, तो म्हणजे प्रेक्षक येत नाहीत, आसने रिकामी आहेत. हा पुरावा कसा निर्माण झाला आणि २०२३ साली ओकलंडच्या चाहत्यांनी त्याला कसे उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्याकडील क्रिकेटच्या वाचकाला या खेळाची रचना काहीशी अपरिचित वाटेल. मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. कितीही पराभव झाले तरी कोणताही संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. रणजी संघ जसा प्रादेशिक संघटनेचा असतो, तसा हा संघ शहराचा नसतो. तो खासगी मालमत्ता असतो आणि इतर मालकांची संमती मिळाल्यास अन्यत्र नेता येतो. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही, असा निर्णय दिला. हा अपवाद बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. परिणामी स्थलांतराच्या प्रश्नावर शहराला दाद मागण्याची जागा फार थोडी उरते आणि प्रेक्षकाला तर मुळीच उरत नाही.

फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटी

फिलाडेल्फियातील अ‍ॅथलेटिक्सचा कालखंड हा कॉनी मॅक या एकाच व्यक्तीचा कालखंड म्हणता येईल. १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे तो संघाचा व्यवस्थापक होता आणि पुढे मालकही झाला. त्याच्या संघाने १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० अशी पाच जागतिक अजिंक्यपदे मिळवली. मात्र याच मॅकने दोनदा आपला विजयी संघ मोडून खेळाडू विकले. १९१४ साली अंतिम मालिकेत हरलेला संघ पुढच्याच वर्षी १०९ सामने हरला आणि १९१६ मध्ये ११७. विजयी संघ महाग पडतो, या हिशेबाची किंमत प्रेक्षकांनी अशा रीतीने प्रथमच मोजली. १९५० साली मॅकच्या दोन मुलांनी इतर भागधारकांचे हिस्से विकत घेण्यासाठी संघाची मालमत्ता एका विमा कंपनीकडे गहाण टाकली. त्यानंतर खेळाडूंवर खर्च करण्यास पैसाच उरला नाही. १९५४ च्या हंगामात संघ १०३ सामने हरला आणि वर्षभरात केवळ ३,०४,६६६ प्रेक्षक आले. संघ वाचवण्यासाठी शहरात मोहीमही निघाली होती. परंतु जो संघ जाणार अशी चर्चा रोज वर्तमानपत्रांत येते, त्याच्यासाठी तिकीट काढणाऱ्याची मनःस्थिती कोणी विचारात घेतली असे दिसत नाही.

१९५५ मध्ये संघ कॅन्सस सिटीत गेला आणि पहिल्याच वर्षी १३,९३,०५४ प्रेक्षक मैदानावर आले. संघ सुधारला होता असे नव्हे. त्या वर्षीही तो ९१ सामने हरला. नव्या शहराचा उत्साह ही गोष्ट वेगळीच असते. तेथील तेरा हंगामांत संघाने एकदाही जितके सामने गमावले त्याहून अधिक जिंकले नाहीत. नवा मालक अर्नोल्ड जॉन्सन याचे न्यूयॉर्क यँकीज संघाच्या मालकांशी व्यावसायिक संबंध होते आणि कॅन्सस सिटीतील चांगले खेळाडू एकामागून एक यँकीजकडे जाऊ लागले. १९५९ च्या अखेरीस गेलेल्या रॉजर मॅरिसने १९६१ साली यँकीजच्या वतीने ६१ होमरन काढून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

जॉन्सनच्या निधनानंतर १९६० च्या अखेरीस चार्ल्स फिन्ली मालक झाला. हिरव्या-सोनेरी रंगाचे गणवेश, मैदानावर फिरवले जाणारे खेचर अशा कल्पनांमुळे तो लोकांच्या लक्षात राहिला. परंतु संघ दुसरीकडे नेण्याचे प्रयत्न त्याने आल्या आल्याच सुरू केले होते. १९६७ साली त्या परिसरातील मतदारांनी नव्या क्रीडासंकुलासाठी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, म्हणजे शहराने आपली बाजू पार पाडली. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालकांच्या बैठकीत ओकलंडला जाण्यास संमती मिळाली. मिसूरीचे सिनेटर स्ट्युअर्ट सिमिंग्टन यांनी बेसबॉलची कायदेशीर सवलत काढून घेण्याची धमकी दिली आणि तिचा परिणाम झाला. १९६९ पासून कॅन्सस सिटीला रॉयल्स हा नवा संघ मिळाला. शहराच्या रागाला वजन आले ते एका सिनेटरमुळे, प्रेक्षकांमुळे नव्हे, हे येथे नोंदवले पाहिजे.

ओकलंड

ओकलंड हे सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरच्या किनाऱ्यावरील बंदराचे, कामगारवस्तीचे आणि कृष्णवर्णीय चळवळींचे शहर आहे. पलीकडच्या श्रीमंत शहराची सावली त्याच्यावर सतत राहिली. १९६८ मध्ये आलेल्या अ‍ॅथलेटिक्सने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली. यापैकी १९७३ साली वर्षभराचे प्रेक्षक जेमतेम दहा लाख होते आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. ओकलंडच्या बाजूने लिहिणारे अनेकदा हा आकडा टाळतात. तो टाळू नये. विजयी संघ असूनही शहर मैदानाकडे धावले नाही, हे खरे आहे. मात्र त्याच काळात फिन्लीचे आपल्या खेळाडूंशी वेतनावरून उघड भांडण चालू होते आणि संघ पुन्हा हलवण्याच्या त्याच्या वाटाघाटी लपून राहिल्या नव्हत्या. १९७६ साली त्याने तीन प्रमुख खेळाडू रोख पस्तीस लाख डॉलरला विकायला काढले आणि आयुक्त बोवी कून यांना ते व्यवहार रद्द करावे लागले. १९७९ साली संघ १०८ सामने हरला. वर्षभरात ३,०६,७६३ प्रेक्षक आले. एप्रिलमधील एका सामन्याला अधिकृत उपस्थिती ६५३ होती.

अकरा वर्षांनंतर, १९९० साली, त्याच शहरात त्याच मैदानावर २९,००,२१७ प्रेक्षक आले. मधल्या काळात शहर बदलले नव्हते, मालक बदलला होता. १९८० मध्ये लेव्ही स्ट्रॉस या जीन्सच्या कंपनीचे वॉल्टर हास यांनी संघ विकत घेतला, तो ओकलंडबाहेर जाऊ नये अशी त्यांची धारणा होती. शाळा, वस्त्या आणि स्थानिक संस्थांशी संघाचा संबंध जोडला गेला. ओकलंडमध्येच वाढलेला रिकी हेंडरसन १९८२ साली एका हंगामात १३० बेस चोरून विक्रमवीर ठरला. १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे संघ अंतिम मालिकेत पोचला आणि १९८९ साली, भूकंपाने खंडित झालेल्या मालिकेत, शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोलाच हरवून अजिंक्य ठरला. वानखेडेवर प्रेक्षक ओळीने उठतात-बसतात ती 'मेक्सिकन वेव्ह' देखील सर्वप्रथम १५ ऑक्टोबर १९८१ रोजी ओकलंडच्या याच मैदानावर उठली, असे सामान्यतः मानले जाते. रिकाम्या आसनांचे म्हणून पुढे हिणवले गेलेले मैदान ते हेच.

हास यांच्या निधनाच्या वर्षी, १९९५ मध्ये, संघ विकला गेला. त्याच सुमारास फुटबॉल संघाला परत आणण्यासाठी मैदानाच्या एका बाजूला काँक्रीटच्या उंच आसनांची भिंत उभारण्यात आली आणि पलीकडचे डोंगर दिसेनासे झाले. बेसबॉलपुरते मैदान बिघडले ते येथून. तरीही कमी खर्चात संघ बांधण्याच्या बिली बीन यांच्या पद्धतीने २००२ साली सलग वीस विजय मिळवले. 'मनीबॉल' या चित्रपटामुळे ही कथा आपल्याकडेही पोचली. त्या कथेचा दुसरा अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो. काटकसर ही बुद्धिमत्ता ठरली आणि खेळाडू मोठा झाला की तो जाणारच, हे प्रेक्षकांनी गृहीत धरले.

२००५ मध्ये संघ लू वुल्फ आणि 'गॅप' वस्त्रव्यवसायाच्या संस्थापकांचे पुत्र जॉन फिशर यांच्याकडे गेला. फ्रीमाँट, सॅन होझे, लेनी कॉलेजचा परिसर आणि अखेर २०१८ पासून हॉवर्ड टर्मिनल ही बंदरावरची जागा, असे नव्या मैदानाचे प्रस्ताव एकामागून एक आले. शेवटचा प्रस्ताव वस्तुतः घरे, कार्यालये आणि दुकाने यांचा सुमारे बारा अब्ज डॉलरचा प्रकल्प होता. मैदान हा त्याचा एक भाग होता. वाटाघाटी चालू असतानाच मे २०२१ मध्ये लीगने संघाला इतर शहरांचा शोध घेण्याची मुभा दिली. २०२१ च्या हंगामानंतर मॅट ओल्सन, मॅट चॅपमन यांसारखे प्रमुख खेळाडू दुसऱ्या संघांना देण्यात आले आणि त्याच वेळी अनेक जागांच्या हंगामी पासांचे दर जवळपास दुप्पट झाले. दर्जा कमी आणि दर अधिक, अशा मालाला गिऱ्हाईक किती मिळणार? २०२२ मध्ये संघ १०२ सामने हरला आणि प्रेक्षकसंख्या आठ लाखांच्या खाली आली. परंतु २ ऑक्टोबर २०१९ रोजी, संघ चांगला असताना, बाद फेरीच्या एका सामन्याला याच मैदानावर ५४,००५ प्रेक्षक होते. तीन वर्षांत शहराची आवड आटली असे मानण्यापेक्षा संघच रिकामा केला गेला, असे मानणे पुराव्याला अधिक धरून होईल.

एप्रिल २०२३ मध्ये लास व्हेगासला जाण्याचा निर्णय जाहीर झाला. तोवर मैदानावर न जाणे हा चाहत्यांचा निषेध होता. आता त्यांच्या लक्षात आले की आपली अनुपस्थिती मालकाच्याच उपयोगी पडते आहे. यातून 'उलटा बहिष्कार' ही कल्पना निघाली : एका ठरलेल्या दिवशी सर्वांनी यायचे. १३ जून २०२३ रोजी, पहिल्या ६२ पैकी ५० सामने हरलेल्या संघासाठी, मंगळवारी रात्री २७,७५९ प्रेक्षक आले. 'विका' एवढा एकच शब्द लिहिलेले हिरवे सदरे हजारोंनी वाटले गेले. पाचव्या डावाच्या प्रारंभी एका फलंदाजाची खेळी संपेपर्यंत सारे मैदान ठरवून गप्प राहिले आणि मग संघ विकण्याची मागणी करणारा घोष सुरू झाला. संघाने टँपा बे रेजला २–१ ने हरवले. तो त्याचा सलग सातवा विजय होता. व्यवस्थापनाने त्या रात्रीचे तिकीट-उत्पन्न स्थानिक संस्थांना देऊन टाकले. हे औदार्य होते की आकड्याची धार बोथट करण्याचा मार्ग, याविषयी मतभेद संभवतात.

त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक साहाय्याचे विधेयक संमत केले आणि १५ जूनला राज्यपालांची स्वाक्षरी झाली. आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी ओकलंडच्या गर्दीविषयी बोलताना, लीगच्या सरासरीइतके लोक एका रात्री आले, असा उपरोधिक शेरा मारला. येथे या पुराव्याचे स्वरूप स्पष्ट होते. आसने रिकामी असली तर तो शहराचा कौल, भरली तर अपवाद. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी तीसही मालकांनी एकमताने स्थलांतराला संमती दिली. तो हंगाम संघाने ११२ पराभवांनिशी संपवला होता.

उलट्या बहिष्काराने स्थलांतर थांबले नाही, म्हणून तो निष्फळ ठरवणे सोयीचे आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने अपुरे आहे. फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांविषयी जे कागदपत्रांत उरले ते मुख्यतः आकडे आहेत. ओकलंडच्या प्रेक्षकांनी आकड्याचा अर्थ स्वतः लावला. मार्च २०२४ मधील पहिल्या सामन्याला अनेकजण मैदानाबाहेरच्या वाहनतळावरच थांबले, म्हणजे पुन्हा न जाण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला, या वेळी मात्र दाराशी उभे राहून. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील अखेरच्या सामन्याला ४६,८८९ प्रेक्षक होते. टेक्सास रेंजर्सवर ३–२ असा विजय मिळाल्यावर व्यवस्थापक मार्क कॉट्से यांनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन शहराच्या नावाचा घोष करायला लावला, आणि मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कठड्याशी आलेल्या लोकांना पेल्यांतून मैदानाची माती वाटली.

२०२५ पासून संघ सॅक्रामेंटोलगतच्या एका छोट्या मैदानावर, जेमतेम चौदा हजार प्रेक्षकांच्या क्षमतेत, तात्पुरता खेळू लागला. त्याच्या नावात कोणतेही शहर ठेवले गेले नाही. लास व्हेगासमधील मैदानाचे भूमिपूजन जून २०२५ मध्ये झाले असून २०२८ चे उद्दिष्ट ठेवले आहे. तेथील नियोजित क्षमता सुमारे ३३ हजार आहे, ओकलंडच्या अखेरच्या गर्दीपेक्षा कितीतरी कमी.

ओकलंडमध्ये २०२४ पासून 'बॉलर्स' नावाचा एक संघ पायोनियर लीग या स्वतंत्र, लहान स्पर्धेत खेळतो. पश्चिम ओकलंडमधील रेमोंडी पार्क या सार्वजनिक उद्यानातील मैदान त्याने दुरुस्त करून घेतले आहे. २०२५ साली त्याने त्या लीगचे विजेतेपद मिळवले. या संघाने आपल्या मालकीचा काही अंश सामान्य चाहत्यांना विक्रीस काढला, तेव्हा दोन हजारांहून अधिक लोकांनी छोट्या रकमा भरून तो घेतला.