वरोऱ्याला उतरलेली पोरं

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात चांगल्या घरातली तरुण पोरंही बेघर होत आली आहेत, अंगावरच्या एका चट्ट्यापायी. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मूल-सावली भागात फिरताना मी ते जवळून पाहिलं. एका घरी विशीतल्या पोराला डोळे मिटायला लावले, पाठीवरच्या चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हटलं, ''कुठं लागलं, बोट ठेव.'' तो वाट पाहत बसून राहिला. त्याची जर्मनची थाळी न्हाणीच्या भिंतीला वेगळी ठेवलेली, खाट गोठ्यात. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. पुढच्या खेपेला खाट रिकामी. ''गेला,'' एवढंच आई बोलली.

असे गेलेले देवळांच्या पायरीला, रेल्वेच्या फलाटांवर लागत. तिथेही थारा नव्हता. 1898च्या कायद्याने निराधार महारोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय धरू शकत. 1955च्या हिंदू विवाह कायद्याने बरा न होणारा कुष्ठरोग घटस्फोटाचं कारण ठरवला. गावाच्या भीतीला असा सरकारी शिक्का मिळाला.

अशांना थारा देणारेही निघाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम काढलं होतं. वरोऱ्यात बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली. 1951 साली विनोबांच्या हस्ते समितीच्या आनंदवन या वसाहतीचं उद्घाटन झालं. सुरुवातीला सहा रोगी, एक लंगडी गाय आणि 14 रुपये. जमीन खडकाळ, झुडपी. आधी विहीर खोदावी लागली. बधिर हाताला फोड आला तरी कळत नाही, जखम चिघळते. तशा हातांनी कुदळ धरली. घरच्यांनी पाण्याचा लोटासुद्धा वेगळा केलेल्या माणसांनी स्वतःचं पाणी काढलं, हे मला आनंदवनाच्या साऱ्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं. पुढे 1967 साली मूल तालुक्यात सोमनाथची वसाहत उभी राहिली. बरे झालेले तिथे धान पिकवू लागले आणि त्यांच्यासोबत राबायला महाराष्ट्रभरातून कॉलेजची पोरं छावणीला येऊ लागली.

1980च्या दशकात बहुविध औषधोपचार आले. रोग हमखास बरा होऊ लागला, पण बरा झालेला पोरगा परत घरी घेतला जाईलच असं नव्हतं. 1898चा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं, घटस्फोटाचं ते कारण 2019 साली निघालं.

चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रोगी सापडतात. घरात कुणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. औषध फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांचं. ते सुरू झालं की लवकरच संसर्ग थांबतो. त्याची खाट घरातच राहू द्या.