देवळालीच्या मास्तरांची संख्या

नाशिकजवळील देवळाली येथें १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ मध्यें त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें आणि १९२९ मध्यें ते पदवीधर झाले. त्यापुढील शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. परंतु पूर्णांकांचा ध्यास जन्मभर सुटला नाहीं.

जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर डेमलो, म्हणजे आजचें डोंबिवली, हें स्थानक होतें. तेथें सुचलेल्या संख्यांना त्यांनीं 'डेमलो संख्या' असें नांव दिलें. त्यांपैकीं एक फार देखणी आहे. एकापासून नवापर्यंत चढावें व पुन्हां एकापर्यंत उतरावें, कीं तिचे सतरा आंकडे लिहून होतात: १२३४५६७८९८७६५४३२१.

नऊ वेळां एक लिहून होणाऱ्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग होय. गुणाकार मांडतांना प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या रकान्यांतील एकांची बेरीज नवापर्यंत वाढत जाते व तशीच ओसरते. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा वेळां एक लिहून वर्ग केला, तर मात्र मध्यें हातचा येतो आणि जिना मोडतो.

मधला नऊ वगळून डावीकडील १२३४५६७८ व उजवीकडील ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर आठ नवांची रांग मिळते. दोन्ही टोकांच्या बेरजेंत मधलाच आंकडा पुन्हां उमटावा, हें डेमलो संख्येचें लक्षण. शिवाय या सतरा आंकड्यांची बेरीज ८१ होते आणि ८१ नें संख्येस निःशेष भाग जातो. उत्तर येतें १२३४५६७९ चा वर्ग. आपल्याच आंकड्यांच्या बेरजेनें भागली जाणारी संख्या कापरेकरांनीं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटली.

अशा शोधांवर आक्षेप घेतला जातो कीं, हे गुण संख्येचे नव्हेत, दशमान लेखनाचे आहेत. म्हणून ही केवळ करमणूक. आक्षेप पोकळ नाहीं. तथापि दहांऐवजीं आठांच्या पायावर मोजून पाहावें. तेथें सात वेळां एक लिहून वर्ग केला, तर जिना सातापर्यंत चढून उतरतो. दोन्ही बाजूंची बेरीज सातांचीच रांग देते. आणि आंकड्यांच्या बेरजेनें भागही निःशेष जातो. कोणताही पाया घेतला, तरी असेंच घडतें. संख्या बदलते, नियम टिकतो. म्हणजे हा गुण एकट्या दशमानाचा नव्हे. स्थानाप्रमाणें किंमत देणाऱ्या प्रत्येक लेखनपद्धतीचा आहे.

मार्टिन गार्डनर यांनीं मार्च १९७५ मध्यें 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष देवळालीकडे वळलें. त्या वेळीं मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्यें ते वारले. त्यांचा जिना पडताळण्यास अजूनही पाटी, पेन्सिल आणि शाळेंतला गुणाकार एवढेंच पुरतें.